कान दिसले पाहिजेत

फोटोचं माप दिलेलं आहे: तेहेतीस बाय अठ्ठेचाळीस मिलिमीटर,
मागे पांढरं, कान उघडे.
कोरोनीच्या आजीकडून आलेले हे केस
कानांवरून हटायला तयार नाहीत.
सारामाका स्ट्रीटच्या फोटोवाल्याने
चार पिना खोचल्या, पाण्याचा हात फिरवला,
म्हणाला, "सिसा, आता हसू नका."

अर्जात पहिली चौकट आडनावाची.
त्योंग-आ-फून.
हे आडनाव नव्हेच. हे आजोबांचं अख्खं नाव,
छत्तीस साली पारामारिबोच्या धक्क्यावर
डच कारकुनाने एका दमात ऐकलेलं
आणि एका दमात लिहिलेलं.
आडनाव फक्त त्योंग. बाकीचे आजोबा.
तेव्हापासून आम्ही सगळे, मुली, सुना, नातवंडं,
त्यांना अंगात घालून हिंडतो:
शाळेच्या हजेरीत, विजेच्या बिलावर,
माझ्या भावाच्या थडग्यावर.

इतर नावं वापरली आहेत का?
वडिलांना गिऱ्हाईकं ओमू म्हणायची.
गल्ल्यावर जो कोणी चिनी बसेल, तो ओमू.
ते लिहायचं का?

आपण किंवा आपले पूर्वज चीनचे नागरिक होते काय?
असल्यास नागरिकत्व कधी गमावलं?
दिवस, महिना, वर्ष.
बराच वेळ पेन धरून बसले.
एखाद्या सकाळी खारा मासा तोलता तोलता
हरवलं असेल त्यांच्याकडून,
किल्ली हरवते तसं.
कुलूप समोर येईपर्यंत कळत नाही.

आमंत्रण देणाऱ्या व्यक्तीशी नातं.
इथे डचमध्ये सगळ्याच तांत:
आत्या, मावशी, मामी, काकू,
शेजारची विधवासुद्धा, एकाच पोत्यात.
हाक्का बोलीत ती माझी आकू.
बापाची बहीण, थोरली, सावत्र;
आजोबा बोटीवर चढले तेव्हा पोटात होती.
आता ह्वेइयांगजवळच्या गावात
दोन दात आणि एक मोबाईल घेऊन बसलेली,
रोज विचारते, तिकीट काढलंस का गं,
जणू अडलंय ते तिकिटापाशीच.

पुराव्यासाठी जुना फोटो नेला होता.
खुर्चीत आजोबा, खुर्चीत पहिली आजी,
मधे आकू, बारा वर्षांची, नव्या बुटांत.
ते इथे बसले होते, त्या दोघी तिथे.
हाँगकाँगच्या कुठल्याशा स्टुडिओने
कात्रीने संसार जोडून दिला.
आजोबांची सावली डावीकडे पडते,
त्या दोघींची उजवीकडे.

खिडकीपलीकडचा मुलगा हार्बिनचा.
मी त्याच्याशी घरची हाक्का बोलले.
तो अदबीने इंग्रजीत म्हणाला, मला कळत नाही.
त्याची काय चूक?
माझी भाषा बोटीने आलेली,
तिच्यात विमानाला शब्द नाही.

त्याने फोटो उजेडात धरला.
"ही माणसं कधी एकत्र बसलीच नाहीत."
"नाही."
"मग हा पुरावा धरता येणार नाही."
"नाही धरता येणार."
मग त्याने माझा छोटा फोटो पाहिला,
पुन्हा मोठा, पुन्हा माझ्याकडे.
आमच्या कानांची वरची कड
वहीच्या पानासारखी जराशी दुमडलेली असते.
आजोबांची. आकूची. तिथे कात्री लागली नव्हती.
आणि मी, वेडी, आजही पिना लावूनच गेले होते.

तो काही बोलला नाही.
झेरॉक्स काढली, दोन्ही बाजूंची.
मागची बाजू कोरी होती.

पावती मिळाली: चार दिवसांनी या.
बसथांब्यावर चष्मा लावून वाचली.
फून त्योंग आ.
आजोबांचे तेच तुकडे, नव्या क्रमाने.
बाराला पाच कमी होते,
खिडकी अजून उघडी असणार.
मी एकेक करून पिना काढल्या
आणि पर्समध्ये टाकल्या.